रिमांडचं अर्धं मिनिट

1 जुलै 2024 ला नवी फौजदारी प्रक्रिया संहिता लागू झाली. त्याआधीचे दोन महिने आमच्या वकिलांच्या बार रूममध्ये एकच कागद हातोहात फिरत होता. डावीकडे जुनं कलम, उजवीकडे नवं. कुणी त्याची झेरॉक्स काढून काळ्या कोटाच्या खिशात ठेवली, कुणी लॅमिनेट करून टेबलावर चिकटवली. कागद लागणारच होता. 438 म्हणजे अटकपूर्व जामीन हे आमच्या बोटांना इतकं सवयीचं झालं होतं, की नव्या संहितेत 438 पुनरीक्षणाला गेलं आणि अटकपूर्व जामीन 482 वर आला, तेव्हा जुन्या 482 च्या, म्हणजे हायकोर्टाच्या अंगभूत अधिकारांच्या, आठवणीनं भलभलते मथळे टाइप झाले. 144 लागू झालं म्हटलं की बाजारपेठेतली शटरं खाली यायची. आता 144 खाली पोटगी मागायची. आणि 173 ची तर गंमतच. जुन्या कायद्यात तिथं चार्जशीट होती, नव्यात तिथं एफआयआर आहे. जिथं तपास संपायचा, तिथंच तो आता सुरू होतो.

आकड्यांच्या या गोंधळावर सगळे मनापासून हसलो. पण त्या हसण्यात एक गोष्ट निसटली, आणि ती अजूनही हाताला लागलेली नाही. फौजदारी प्रक्रिया संहिता, 1973 ची जागा भारतीय नागरिक सुरक्षा संहितेनं घेतली, 484 कलमांची 531 झाली, हे आम्ही तक्त्यावरून शिकलो. कायदा मात्र वाचला नाही. खरं सांगायचं तर जुना तरी कुठे वाचला होता? सिनियरच्या मागे उभं राहून, अर्ध्या शब्दात जे कानावर पडलं ते आमचं प्रक्रियेचं ज्ञान. वकिलांच्या मनात दंडसंहिता म्हणजे विद्या आणि प्रक्रिया म्हणजे कारकुनी. उलटतपासणी ही कला, रिमांड हे ज्युनिअरचं काम. माझं म्हणणं एवढंच आहे की ही उतरंड उलटी आहे आणि तिची किंमत कोठडीत बसलेला माणूस मोजतो. त्याबद्दल पोलिसांना आणि न्यायालयांना आपण रोज बोल लावतो. आज मला आपल्याबद्दल, वकिलांबद्दल बोलायचं आहे.

कुठल्याही तालुक्याच्या कोर्टात दुपारी पावणेतीनला जाऊन बसा. जेवणाची सुट्टी संपून बोर्ड पुन्हा सुरू झालेला असतो. हवालदार दोन आरोपींना आत आणतो. न्यायदंडाधिकारी साहेब विचारतात, "पोलिसांविरुद्ध काही तक्रार?" आरोपी आधी हवालदाराकडे बघतो, मग मान हलवतो. रिमांड रिपोर्टात तीच चार वाक्यं: साथीदारांचा शोध घेणे आहे, गुन्ह्यात वापरलेले हत्यार जप्त करणे आहे, आणखी कोठे गुन्हे केले आहेत काय याचा तपास करणे आहे, सबब सात दिवस पोलीस कोठडी मिळावी. सरकारी वकील रिपोर्टात आहे तेच म्हणतात. मग आरोपीचा वकील उठतो आणि म्हणतो, "ऑब्जेक्शन आहे सर, पण द्यायचीच तर कमीत कमी दिवस द्यावी." तीन दिवस मिळतात. सगळं मिळून अर्धं मिनिट. वकिलाच्या हातात वकीलपत्राशिवाय एकही कागद नव्हता आणि त्यानं मागितलाही नाही.

या अर्ध्या मिनिटात संहितेची निदान चार-पाच कलमं जिवंत असतात. अटक किती वाजता झाली आणि किती वाजता दाखवली? रात्री नऊला घरातून उचललेला माणूस कागदावर सकाळी अकराला अटक होतो, आणि राज्यघटनेच्या अनुच्छेद 22(2) चे चोवीस तास अकरापासून मोजले जातात. तपास चालू असताना वकिलाला भेटण्याचा हक्क आरोपीला कलम 38 नं दिला आहे, संपूर्ण चौकशीभर नसला तरी. सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेचा गुन्हा असेल तर कलम 35 खाली अटकेची गरज काय होती, हे पोलिसांनी लिहून ठेवायला हवं. अशी अटक सरसकट करू नका असं सांगणारा सर्वोच्च न्यायालयाचा अर्नेश कुमार निकाल 2014 चा आहे, म्हणजे आज वकिली करणाऱ्या निम्म्या पोरांनी तो कॉलेजातच वाचला असेल. पोलीस कोठडी देताना न्यायदंडाधिकाऱ्यांनी कारणं नोंदवायची, हेही कलम 187 मध्येच आहे. पण विचारल्याशिवाय यातलं काही बाहेर येत नाही. आणि विचारायचं काम फी घेऊन उभ्या राहिलेल्या माणसाचं आहे.

तक्त्यानं नेमकं काय लपवलं, ते दाखवायला हे 187 पुरेसं आहे. तक्त्यात एक ओळ आहे: 167, बाण, 187. पण बाणाच्या दोन टोकांना असलेला कायदा एक नाही. अनुपम कुलकर्णी प्रकरणात 1992 साली सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं होतं की पोलीस कोठडी फक्त पहिल्या पंधरा दिवसांत. त्यानंतर न्यायालयीन कोठडी. आमच्या सगळ्या सवयी या वाक्याभोवती बांधलेल्या आहेत. नवं कलम म्हणतं, पंधरा दिवस तेवढेच, पण एकत्र किंवा तुकड्यातुकड्यानं, आणि तपासाला साठ दिवस मिळतात त्या प्रकरणात पहिल्या चाळीस दिवसांत, नव्वद मिळतात त्या प्रकरणात पहिल्या साठ दिवसांत कधीही. पंधरा दिवस दवाखान्याच्या खाटेवर काढून पोलीस कोठडी चुकवणारे आरोपी होते, तेव्हा बदलामागे काहीच कारण नव्हतं असं मी म्हणणार नाही. पण जुन्या 167 मध्ये पंधरा दिवसांपुढच्या कोठडीबद्दल "पोलिसांच्या कोठडीव्यतिरिक्त" अशा अर्थाचे शब्द होते, ते नव्या पोटकलमातून गळाले आहेत. शब्द गळतात तेव्हा त्यांचा अर्थ लावायची जबाबदारी कोर्टाइतकीच बारवर येते. किती वकिलांनी दोन्ही मजकूर शेजारी ठेवून वाचले?

आता सवयीकडे या. महाराष्ट्रातल्या कुठल्याही फौजदारी वकिलाला विचारा, तो अशिलाच्या बापाला काय सांगतो. "एमसीआर होऊ द्या, मग जामीन टाकू." म्हणजे पोलीस कोठडी संपून न्यायालयीन कोठडी झाली की जामिनाचा अर्ज. हा कायदा कधीच नव्हता. पोलीस कोठडी चालू असताना जामीन मागू नये असं कुठल्या कलमात लिहिलं आहे, ते मला अजून कुणी दाखवलेलं नाही. ती व्यवहाराची सोय होती, आणि जुन्या व्यवस्थेत ती चालून जायची, कारण एकदा पंधरा दिवस गेले की पोलिसांचा हात संपायचा. आता एमसीआर झाला म्हणजे पोलिसांचा हात संपला असं नाही. तीन दिवस वापरले, बारा शिल्लक आहेत, आणि महिन्याभरानं ते मागता येतात. "कोठडीचे दिवस बाकी आहेत, म्हणून जामीन नको", हा युक्तिवाद सरकार पक्ष आता करणारच, कारण 187 मध्येच कोठडी देताना आरोपी जामिनावर सुटलेला नाही ना, याचा विचार करायला सांगितलं आहे.

याचं उत्तरही संहितेनंच दिलं आहे. जामिनाच्या कलम 480 मध्ये, जुन्या 437 मधल्या ओळखपरेडच्या परंतुकाला जोडून, नवे शब्द आले आहेत: पहिल्या पंधरा दिवसांपुढे पोलीस कोठडीसाठी आरोपीची गरज पडू शकते, एवढंच कारण जामीन नाकारायला पुरेसं नाही, तो एरवी जामिनाला पात्र असला आणि त्यानं हमी दिली म्हणजे झालं. एका हातानं जे काढून घेतलं, त्यातलं थोडं दुसऱ्या हातानं परत दिलेलं आहे. हे परंतुक तक्त्यात नाही. तक्त्यात फक्त 437, बाण, 480. नवी संहिता लागू झाल्यापासून मी जामिनाचे बरेच अर्ज वाचले, माझ्या विरोधातले आणि माझ्या बाजूचेही. हे परंतुक उद्धृत केलेले मोजायला एका हाताची बोटं पुरतील.

इथं मला माझ्याबद्दल एक गोष्ट सांगावी लागेल, नाहीतर हे सगळं दुसऱ्यांना शहाणपण शिकवल्यासारखं होईल. वकिलीचं तिसरं वर्ष होतं. फसवणुकीचा गुन्हा, 420, म्हणजे सात वर्षं शिक्षा, म्हणजे तपासाला साठ दिवस. तेवढ्यात चार्जशीट आली नाही, तर जामीन हा आरोपीचा हक्क. आरोपी एका कंपनीसाठी घरोघर हप्ते गोळा करणारा पोरगा. जामीन एकदा फेटाळला गेला होता. साठावा दिवस मी डायरीत बरोबर मांडून ठेवला होता आणि चार्जशीट आलेली नव्हती. एकसष्टाव्या दिवशी सकाळी अर्ज टाइप करून तयार होता. पण सिनियर दुसऱ्या कोर्टात होते, त्यांनी एकदा नजर टाकावी म्हणून मी थांबलो. सव्वाअकराला पोलिसांनी चार्जशीट दाखल केली. माझा अर्ज साडेबाराला आत गेला.

त्या सव्वा तासाचा कायदा मी त्यानंतर शिकलो. उदय मोहनलाल आचार्य प्रकरण, आपल्याच राज्यातलं, 2001 चं: मुदत संपल्यावर आणि चार्जशीट येण्याआधी आरोपीनं अर्ज केला आणि जामीन द्यायची तयारी दाखवली, की हक्क वापरला गेला, मग चार्जशीट मागून आली तरी तो जात नाही. पण अर्जच नसेल तर चार्जशीटबरोबर हक्क विझतो. संहितेत याहून कठोर घड्याळ दुसरं नाही. दिवस मोजायचे कसे, यावरही वर्षानुवर्षं दोन मतं होती. प्रवर्तन निदेशालय विरुद्ध कपिल वाधवान या निकालात 2023 साली तीन न्यायमूर्तींनी सांगितलं की रिमांडचा पहिला दिवस धरायचा. म्हणजे लीप वर्ष नसेल आणि 1 जानेवारीला पहिला रिमांड झाला असेल, तर साठावा दिवस 1 मार्च. 2 मार्चला कोर्ट उघडायच्या वेळी अर्ज हातात हवा. सिनियरची नजर नंतर पडली तरी चालते.

आणि इथंही तक्ता फसवतो. नव्वद दिवस कुठल्या गुन्ह्यांना, हे सांगताना जुन्या कलमात "दहा वर्षांपेक्षा कमी नाही" इतक्या शिक्षेची भाषा होती. राकेश कुमार पॉल प्रकरणात 2017 साली बहुमतानं त्याचा अर्थ लावला: फाशी आणि जन्मठेप सोडली तर किमान शिक्षाच दहा वर्षं आहे असे गुन्हे, कमाल दहा असून भागत नाही. नव्या कलमात शब्द आहेत "दहा वर्षे किंवा अधिक". जुना अर्थ टिकतो की जातो? मला वाटतं, स्वातंत्र्याच्या बाजूनं वाचायचं तर टिकायला हवा. समोरचा वकील उलट म्हणेल, आणि त्याच्याही म्हणण्यात दम असेल. पण हा वाद घालायचा तर शब्द बदलले आहेत हे आधी लक्षात यायला हवं ना? तीस दिवस तुरुंगात की बाहेर, एवढं त्या शब्दांवर लटकलेलं आहे.

यावर नेहमीचा आक्षेप येतो, आणि तो नुसता पेपर वाचणाऱ्यांकडून नाही, बार रूममधूनही येतो: हे सगळे तांत्रिक मुद्दे. "तांत्रिक मुद्द्यावर सुटला" हा मथळा आपण सगळ्यांनी वाचलेला आहे आणि त्यातला राग मी समजू शकतो. ज्याच्या घरी चोरी झाली त्याला चोविसाव्या तासाचं कौतुक कसं असेल? पण तांत्रिक हा शब्द फसवा आहे. सरकारनं माणसाला उचलून बंद करायचं, तर कोणत्या अटींवर, त्या अटींना आपण प्रक्रिया म्हणतो. त्या पाळल्या नाहीत तर उरतं ते नुसतं उचलणं. शिवाय, देशातल्या तुरुंगांत दर चार कैद्यांमागे तीन कच्चे कैदी आहेत. दोषी की निर्दोष हे अजून ठरायचं असलेली ही माणसं. त्यांच्यापुरता सगळा कायदा म्हणजे प्रक्रियेचाच कायदा.

आणि प्रक्रिया काही एकट्या आरोपीची नाही. तपासाची प्रगती नव्वद दिवसांत फिर्यादी किंवा पीडिताला कळवायची, असं कलम 193 मध्ये आता लिहिलेलं आहे. फिर्यादीच्या बाजूनं उभे राहणारे वकील ते मागताना दिसत नाहीत. तीन ते सात वर्षांच्या टप्प्यातल्या गुन्ह्यात पोलीस उपअधीक्षकांच्या परवानगीनं चौदा दिवस प्राथमिक चौकशी करता येते, पंधराव्या दिवशी ठाण्यात जाऊन "आता काय?" विचारणारा कोण असतो? पोलिसांना तपासाचा आदेश द्या म्हणून न्यायदंडाधिकाऱ्यांकडे करायचा जुना 156(3) चा अर्ज आता 175(3) झाला, त्याला शपथपत्र लागतं आणि आधी पोलीस अधीक्षकांकडे गेल्याचा पुरावा लागतो, तो जोडला नाही म्हणून अर्ज फेटाळला गेला की वकील अशिलाला सांगतो, "साहेबांनी ऐकलं नाही." झडतीचं आणि जप्तीचं चित्रीकरण कलम 105 नं सक्तीचं केलं आहे, आणि ते विनाविलंब न्यायदंडाधिकाऱ्यांकडे पोचायला हवं. ठरलेले पंच, ठरलेला पंचनामा, आणि सहा वर्षांनी कोर्टात फितूर झालेला तोच पंच, हे नाटक ज्यानं पाहिलं आहे त्याला या कलमाची किंमत सांगायला नको. पण रिमांडच्याच दिवशी "चित्रीकरण कुठे आहे?" असं विचारलं तर उपयोग. खटल्यात विचारायचं म्हटलं तर तोवर तो मोबाइलही राहत नाही आणि तपासी अंमलदारही.

मला माहीत आहे की हे लिहायला सोपं आहे. रिमांडची फी किती मिळते, हे ज्याला माहीत आहे त्याला ज्युनिअरवर ओरडायला जीभ रेटत नाही. बोर्डावर शंभर प्रकरणं असलेल्या साहेबांपुढे पाच मिनिटं कलमं वाचत उभं राहिलं, तर पुढच्या आठवड्यात आपल्याच दुसऱ्या अर्जावर त्यांच्या कपाळाला आठी येईल, ही भीती खरी आहे. सरकारी वकिलाशी रोजचा संबंध असतो. हवालदाराशी तर त्याहून जास्त. अशिलाचा पहिला फोन बऱ्याचदा त्याच्याच मार्फत येतो. (हे बोलायचं नसतं, पण सगळ्यांना ठाऊक असतं.) म्हणून मी एकट्या वकिलाच्या धाडसावर काही सोपवत नाही. बार असोसिएशननं करण्यासारखं काम आहे. नव्या कायद्यांवर व्याख्यानं पुष्कळ झाली, हार-तुरे झाले, तक्ते वाटले गेले. त्याऐवजी महिन्यातून एका शनिवारी दहा खरे रिमांड रिपोर्ट, नावं खोडून, टेबलावर ठेवावेत आणि पहिल्या पाच वर्षांतल्या वकिलांनी सिनियरसमोर ते फाडून दाखवावेत. आणि सिनियरनी महिन्यातून एकदा तरी स्वतः रिमांडला उभं राहावं. ते उभे राहिले की त्या कोर्टात प्रश्न विचारणं हा उद्धटपणा ठरत नाही.

अटकेच्या कारणांबाबत तर आता सबबही उरलेली नाही. पंकज बन्सल (2023) आणि प्रबीर पुरकायस्थ (2024) या निकालांनी विशेष कायद्यांपुरती कारणं लेखी द्यायला सांगितली. विहान कुमार निकालानं फेब्रुवारी 2025 मध्ये अनुच्छेद 22(1), म्हणजे अटकेची कारणं आरोपीला सांगायचा नियम, पाळला गेला की नाही, हे तपासायचं काम रिमांड देणाऱ्या न्यायदंडाधिकाऱ्यांवर टाकलं. मध्ये ऑगस्टमध्ये कर्नाटकातल्या दर्शन प्रकरणात, नुसतं लेखी दिलं नाही म्हणून अटक आपोआप बेकायदा होत नाही, असा सूर लागला. आणि नोव्हेंबर 2025 मध्ये मिहीर राजेश शाह विरुद्ध महाराष्ट्र राज्य या निकालानं सगळ्या गुन्ह्यांना ते लागू केलं: कारणं लेखी, आरोपीला समजेल त्या भाषेत, आणि तातडीच्या प्रसंगी लगेच देता आली नाहीत तरी रिमांडसाठी हजर करण्याआधी निदान दोन तास. अवघ्या दोन वर्षांत कायदा एवढा हलला. खिशातला लॅमिनेट केलेला कागद यातलं काहीच सांगत नाही, कारण हे सगळं कलम क्रमांक 47 या एकाच आकड्याच्या आत घडलं.

त्या निकालानंतर थोड्याच दिवसांनी आमच्याकडे एक नवी मुलगी रिमांडला उभी राहिली. सनद मिळून दीड वर्ष झालेलं. तिनं साहेबांना म्हटलं, "सर, अटकेची कारणं आरोपीला लिहून दिलीत का, तेवढं बघावं." हवालदारानं पानं उलटली. छापील फॉर्म होता. कारणांच्या रकान्यात "गुन्ह्याच्या पुढील तपासकामी" एवढंच. ती म्हणाली, हे तर कुणालाही लागू होईल, या माणसाला का धरलं ते यात कुठे आहे? साहेबांनी तपासी अंमलदाराकडे पाहिलं, तो सरकारी वकिलांकडे पाहू लागला. चार मिनिटं गेली. कोठडी नाकारली गेली आणि संध्याकाळी तो बाँडवर सुटला. बार रूममध्ये एक ज्येष्ठ तिला म्हणाले, "अगं, एवढं ताणायची काय गरज होती? पुन्हा धरतीलच."

त्यांचं खरं ठरलं. तिसऱ्या दिवशी पोलिसांनी त्याला पुन्हा आणलं. निकालात तशी मुभा आहेच. या वेळी मात्र कारणांचं दोन पानी पत्रक होतं, मराठीत, खाली वेळ घातलेली आणि त्याची सही. तिनं ते उभ्या उभ्या वाचलं, दुसऱ्या परिच्छेदावर बोट ठेवलं आणि म्हणाली, "सर, इथं लिहिलेली वेळ एफआयआरमधल्या वेळेशी जुळत नाही."

साहेबांनी एफआयआर मागवला.